आईचं काम पवित्र आहे, म्हणूनच ते एकटीचं नाही

माझं पहिलं मूल चार महिन्यांचं होतं तेव्हा मंडळीतल्या एका ज्येष्ठ व्यक्तीने मला विचारलं, "मनन कसं चाललंय?" मी खरं ते सांगितलं. पवित्र शास्त्र उघडून कित्येक दिवस झाले होते, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की झोप लागत होती. त्यांनी आपुलकीने सांगितलं, "भांडी घासताना प्रार्थना कर. बाळाचे कपडे धुताना एखादं स्तोत्र म्हण. प्रत्येक काम देवाला अर्पण करत जा." सल्ल्यात खोट नव्हती. पण घरी येऊन मी मोरीपाशी उभी राहिले आणि मला रडू आलं. तोवर भांडी घासणं हे एकच काम होतं. आता ती भक्तिभावाने घासणं हे आणखी एक काम झालं होतं, आणि त्यातही मी कमी पडत होते.

त्याला बरीच वर्षं झाली. आईपणाच्या रोजच्या कामांत देव भेटतो यावर माझा विश्वास आज तेव्हापेक्षा पक्का आहे. म्हणूनच या सत्याचा आपण ख्रिस्ती लोक ज्या तऱ्हेने उपयोग करतो ती मला खुपते. आपण त्या कामाचं पावित्र्य आईच्या मनःस्थितीवर टाकतो. तिला प्रसन्न वाटलं, ओठांवर गीत आलं, तर ती सेवा. ती वैतागली, थकली, तर मात्र नुसते कष्ट. आणि एकदा 'सेवा' म्हटलं की ते काम कायमचं तिच्याच पदरात बांधून आपण हात धुऊन मोकळे होतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग आपल्याला पाठ असतो. राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो. पण त्यावर नीतिमान लोक काय उत्तर देतात तिकडे आपलं लक्ष जात नाही. "होय प्रभू, ते आम्ही तुझ्यासाठीच केलं," असं ते म्हणत नाहीत. ते गोंधळून जातात. हे आम्ही केव्हा केलं, असं विचारतात. माझ्या या कनिष्ठ बंधूंपैकी एकासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं, असं राजा त्यांना सांगतो. अन्न वाढताना समोर कोण आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या क्षणी त्यांना काहीच 'आध्यात्मिक' वाटलेलं नव्हतं, आणि तरीही ते सगळं राजाच्या दप्तरी जमा झालेलं होतं.

मध्यरात्री तिसऱ्यांदा उठलेल्या आईला याहून मोठा दिलासा मला ठाऊक नाही. नुकतंच जन्मलेलं मूल त्या यादीत जवळजवळ पूर्ण बसतं. ते भुकेलं असतं, तान्हेलं असतं, उघडं असतं, या जगाला परकं असतं, आणि आजारी तर वरचेवर पडतं. काही अभ्यासक म्हणतात की तिथले 'कनिष्ठ बंधू' म्हणजे येशूचे शिष्य. तसं असेल. पण मार्कच्या 9व्या अध्यायात येशू एका लेकराला कवेत घेऊन सांगतो की अशा एका मुलाला माझ्या नावाने जो स्वीकारतो तो मला स्वीकारतो. तिथे तर अर्थाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. आईच्या हातून होणारी गोष्ट पवित्र ठरते ती समोरच्या जिवामुळे. त्या वेळी तिच्या मनात काय चाललं होतं, हा प्रश्नच निराळा.

याचं मूळ देहधारणात, म्हणजे देवाने माणसाचा देह घेण्यात, आहे. लूक सांगतो की मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. पुढे येशूने कार्य सुरू केलं तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता, हेही लूकच सांगतो. मधल्या काळाविषयी त्याने फार थोडं लिहिलं आहे. मूल वाढत गेलं, बळकट झालं, ज्ञानाने आणि शरीराने वाढलं, आणि बारा वर्षांचं असताना मंदिरात घडलेली एक घटना. बाकी सगळं झाकलेलं. पण 'वाढत गेलं' या दोन शब्दांमागे काय असतं हे कुठल्याही आईला विचारा. कुणीतरी त्याला रोज भरवलं, न्हाऊ घातलं, तापात उशाशी बसून काढलं, फाटलेलं शिवलं. जगाच्या तारणाऱ्याच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं अशा कामांच्या आधारावर उभी आहेत आणि त्यांतल्या एकाचीही नोंद नाही. ही कामं क्षुल्लक असती, तर देवाने आपल्या पुत्राला त्यांच्या हवाली केलं नसतं.

आईच्या कामाचं खरं दुखणं असतं ते त्याच्या न टिकण्याचं. सकाळी धुतलेलं संध्याकाळी मळतं. भरवलेलं पोट चार तासांत पुन्हा रिकामं होतं. दिवसभर राबून दिवसाअखेरी दाखवायला हाती काही उरत नाही. मला तेव्हा मान्ना आठवतो, देवाने रानात पुरवलेलं अन्न. इस्राएलाला तो रोज मिळायचा आणि रोज वेचावा लागायचा. लोभाने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. चाळीस वर्षं देवाने आपल्या लोकांना असंच, एकेका दिवसापुरतं, पोसलं. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण मागतो ती आजच्यापुरतीच भाकर. रोज उठून तेच करावं लागणं याला आपण कमीपणा मानतो, पण देवाची स्वतःची रीत तीच आहे.

या विषयावर बोलताना आपण हटकून एका मठवासीयाचं उदाहरण देतो, बंधू लॉरेन्सचं. सतराव्या शतकातला हा माणूस आधी सैनिक होता, मग पॅरिसच्या कार्मेल मठात आला आणि कित्येक वर्षं तिथल्या स्वयंपाकघरात राबला. ते काम त्याला मुळीच आवडत नसे. तरी भांड्यांच्या खडखडाटात, चारचौघं एकाच वेळी काही ना काही मागत असताना, वेदीपुढे गुडघे टेकल्याइतक्याच शांतपणे आपण देवाजवळ असतो, असं तो सांगत असे. मला तो फार प्रिय आहे. पण तोच नमुना जसाच्या तसा आईपुढे ठेवणं अन्यायाचं आहे. त्याच्या मठात प्रार्थनेची घंटा होई. इतर बंधू असत. त्याची भांडी रात्री दोन वाजता रडत उठत नसत, आणि त्यांच्यापैकी कुणाला ताप चढला म्हणून त्याच्या काळजाचं पाणी होत नसे. आईचं काम एकसारखं चालत नाही, ते पदोपदी मोडतं. तिची शांतता, तिची प्रार्थना, तिचं वाक्यसुद्धा अर्ध्यावर तुटतं.

म्हणून मला येशूचं मोडलेलं वेळापत्रक अधिक जवळचं वाटतं. मार्कच्या 5व्या अध्यायात तो याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे निघालेला असतो, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री त्याच्या वस्त्राला हात लावते. तो थांबतो. तिची सगळी हकिकत ऐकून घेतो. मग पुढे जाऊन त्या मुलीला मरणातून उठवतो, आणि सगळे थक्क होऊन उभे असताना सांगतो : हिला काहीतरी खायला द्या. जमलेल्यांपैकी कुणालाही न सुचलेली गोष्ट त्याला सुचली. एवढा मोठा चमत्कार करणाऱ्याच्या ध्यानात राहिलं की पोर उपाशी आहे.

मठांतून शिकायचंच असेल तर लॉरेन्सच्या मनापेक्षा मठाच्या व्यवस्थेपासून शिकावं. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या बंधूंसाठी जी नियमावली लिहिली तिच्यात दोन गोष्टी आहेत. पहिली आपण मोठ्या आवडीने सांगतो : कोठीची व्यवस्था पाहणाऱ्याने मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. दुसरी मात्र क्वचितच कुणी सांगतं. बेनेडिक्ट लिहितो की स्वयंपाकघरातली सेवा बंधूंनी आळीपाळीने करावी. आजारपण किंवा मठाचं तसंच महत्त्वाचं काम असल्याखेरीज कुणालाही त्यातून सूट नाही. आठवडा संपला की त्या बंधूने अंगपुसणी धुवावीत, भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत परत करावीत. पाळी संपलेला आणि पाळीवर येणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवावेत, आणि रविवारी सगळ्यांपुढे प्रणाम करून आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावी. इतकंच नाही, वाढणाऱ्याने कुरकुर न करता, फार त्रास न होता वाढावं म्हणून जेवणाआधी त्याला नेहमीच्या वाट्याहून थोडी अधिक भाकर आणि पेय द्यावं, असंही त्याने लिहून ठेवलं आहे.

बेनेडिक्टने भांड्यांना पवित्र म्हटलं आणि त्याच लेखणीने पाळ्या लावल्या. त्याच्या लेखी काम पवित्र असल्यामुळेच ते प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवं होतं. आपण पहिलं वाक्य आयांना ऐकवलं आणि दुसरं गिळून टाकलं.

धर्मसुधारक लूथरचंही आपण हेच केलं. 1522 साली विवाहाविषयी लिहिताना त्याने म्हटलं की माणसाची बुद्धी पाळणा हलवणं, लंगोट धुणं, रात्री जागणं या कामांकडे बघून नाक मुरडते, पण विश्वास त्यांच्याकडे पाहतो तेव्हा त्याला ती कामं देवाच्या पसंतीने, जणू सोन्यारत्नांनी मढलेली दिसतात. हा उतारा आईपणाच्या गौरवासाठी पुष्कळदा उद्धृत होतो. पण लंगोट धुण्याचं जे उदाहरण त्याने पुढे रंगवलं आहे, ते बापाचं आहे. बाप लंगोट धुतो, लोक त्याला बायकी म्हणून हसतात, आणि देव मात्र आपल्या सगळ्या दूतांसह आनंदाने स्मित करतो, कारण तो माणूस ते काम ख्रिस्ती विश्वासाने करत असतो. त्या वेळी लूथर अविवाहित होता. पुढे 1525 मध्ये त्याने मठ सोडलेल्या काथारीनाशी लग्न केलं आणि त्यांना सहा मुलं झाली. पाचशे वर्षं झाली, पण लंगोट धुणारा बाप आपल्या प्रवचनांत अजून क्वचितच दिसतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. लोक म्हणतात, घरकामाला पवित्र म्हणणं ही बाईला घरात जखडून ठेवायची जुनी युक्ती आहे. हार घातला की बेडी दिसत नाही. असं पुष्कळदा घडलं आहे हे मी नाकारणार नाही. कितीतरी बायकांना देवाच्या नावाने गप्प बसवलं गेलं आहे. पण माझ्या मते दोष त्या कामाला पवित्र मानण्यात नाही. दोष आहे तो आपण तसं कधी मानलंच नाही, यात. प्रभुभोजनाच्या वेळी प्याला हाती धरायला मिळणं हा आपण मान समजतो. त्या मेजावरचं वस्त्र कोण घडी करतं, पात्रं कोण पुसतं, हे ठरलेलं असतं आणि त्यांना ते करण्यात धन्यता वाटते. जे खरोखर पवित्र वाटतं त्याला हात लावायला माणसं पुढे येतात. बाळाचे मळलेले कपडे बदलायची वेळ येते तेव्हा मात्र खोलीतली सगळी माणसं आईकडे बघतात. आपण काय पवित्र मानतो हे आपल्या बोलण्यावरून कळत नाही, आपला हात कशाकडे जातो त्यावरून कळतं.

येशू घरी आला तेव्हा सेवेत गुंतलेल्या मार्थेची गोष्ट मला या उजेडात वाचावीशी वाटते. लूकच्या 10व्या अध्यायावर मी जितकी प्रवचनं ऐकली, त्यांत मार्था म्हणजे कामात गुरफटलेली आणि येशूच्या पायाशी ऐकत बसलेली तिची बहीण मरीया म्हणजे भक्तीत रमलेली, अशी वाटणी होती. ऐकणाऱ्या आया मान खाली घालून बसायच्या, कारण घरी गेल्यावर त्यांना मार्थाच व्हायचं असे. पण मार्थेची तक्रार शब्दशः वाचा. काम फार आहे, असं ती म्हणत नाही. बहिणीने मला एकटीला टाकलं आहे, याची तुला पर्वा नाही का, असं ती विचारते. तिच्या वाक्यात सल आहे तो 'एकटीला' या शब्दाचा. येशू तिला दोनदा नावाने हाक मारतो. तिची तगमग त्याला दिसते. मरीयेने निवडलेला वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असं तो म्हणतो, म्हणजे वचन ऐकायला बसण्याचा बाईचा हक्क तो राखतो. पण सेवेला तो कमी लेखत नाही. योहानाच्या 12व्या अध्यायात मार्था पुन्हा जेवण वाढताना दिसते आणि या वेळी तिला कुणीच काही बोलत नाही. त्याआधी 11व्या अध्यायात, भावाच्या मरणाच्या दुःखात, येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र, अशी साक्ष देते तीही हीच मार्था. तिला दोन्ही येत होतं. त्या दिवशी मरीयेजवळ बसायला तिला वेळ मिळाला असता, जर उठून पाणी भरणारं आणखी कुणी घरात असतं. घरात पाहुणे होते, त्यांत पुरुषही होते. हे माझं मत आहे, शास्त्रात तसं लिहिलेलं नाही. पण तिथे बसलेल्या कुणालाही उठता आलं असतं.

आणि काही वेळा आईला अर्थ शोधायला सांगणंच चुकीचं असतं. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना गंभीर नैराश्य येतं. तो आजार आहे. त्याला उपचार आहेत आणि ते वेळेवर मिळायला हवेत. अशा बाईला "प्रार्थना वाढव, आभार मानायला शीक" असं सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाने डोंगर चढायला लावणं. 1 राजे 19मध्ये एलीया एका झुडपाखाली बसून मरण मागतो. पुरे झालं, म्हणतो. इतका मोठा संदेष्टा, पण देव त्याला त्या क्षणी ना ताडतो, ना उपदेश करतो. एलीया झोपतो. देवदूत येऊन त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी असतो. खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवायला उठवतो, आणि म्हणतो की हा प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे. देवाचा मंद आवाज त्याला ऐकू येतो तो पुढे, खूप पुढे, होरेब डोंगरावर. आधी भाकर, पाणी आणि झोप. खचलेल्या आईच्या बाबतीत मंडळीने हा क्रम बदलता कामा नये.

संत म्हणून गौरवलेल्या आयांकडे पाहिलं तरी चित्र आपल्या कल्पनेसारखं निघत नाही. फ्रान्समधली झेली मार्टिन ही लिसूच्या संत तेरेझाची आई. 18 ऑक्टोबर 2015 रोजी कॅथलिक ख्रिस्तसभेने तिला आणि तिचा पती लुई याला एकत्र संत घोषित केलं. पतिपत्नींना असं एकत्र संतपद देण्याची ती पहिली वेळ. झेलीला नऊ मुलं झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. तिचा स्वतःचा लेस विणण्याचा व्यवसाय होता. तिची पुष्कळ पत्रं आज उपलब्ध आहेत आणि त्यांत थकवा आहे, पैशाची आणि कामाची विवंचना आहे, मुलांच्या दुखण्यांची भीती आहे. तेरेझा जन्मली तेव्हा झेलीला तिला पाजता येईना, म्हणून तिने बाळाला सुमारे वर्षभर एका शेतकरी दाईच्या घरी ठेवलं. आणि लुईने 1870मध्ये आपलं घड्याळांचं दुकान सोडून बायकोच्या व्यवसायाला हातभार लावला. ज्या घरातून तीन संत निघाले तिथली आई सगळं एकटीने करत नव्हती. तिच्या बाळाला दूध दुसऱ्या बाईने पाजलं, तिचा व्यवसाय नवऱ्याने उचलून धरला.

विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो. तीत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दारी आलेला उपरा, सगळ्यांच्या विसाव्याची सोय आहे. आपल्या घरांत मात्र त्या दिवशी आईचं काम वाढतं. उपासनेला वेळेवर पोचायचं म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठते, पोरांना आंघोळी घालते, आणि उपासना सुरू झाली की रडणारं मूल घेऊन बाहेरच्या खोलीत जाते. पाळकांनी एकदा मोजून पाहावं, की त्यांच्या मंडळीतल्या किती आयांनी गेल्या वर्षभरात एक अख्खं प्रवचन बसून ऐकलं. आईपणावरच्या एका खास रविवारापेक्षा त्या खोलीत पुरुषांची पाळी लावणं मला जास्त शास्त्राला धरून वाटतं. बाळंतिणीकडे जाताना तिच्यासाठी वचनाचं कार्ड न्यावं, जरूर न्यावं, पण ते ठेवून साचलेले कपडे धुऊन यावं. आणि बाप असेल त्याने कुणाच्या सांगण्याची वाट पाहू नये. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुवायला कमरेला रुमाल बांधला तेव्हा त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या त्या पहिल्या वर्षात एक म्हातारी बाई आमच्या मंडळीत येत असे. तिच्याशी माझी फार ओळख नव्हती. मी बाहेरच्या खोलीत मुलाला खांद्यावर थोपटत फेऱ्या मारत होते, भिंतीपलीकडून गीताचे सूर येत होते. ती आत आली, हात पुढे केले आणि म्हणाली, "आण इकडे. तू जा, आत बस." मी म्हटलं, "आजी, तो रडेल." ती म्हणाली, "रडू दे. मला रडणारी मुलं ठाऊक आहेत." पुढे कित्येक रविवार ती तशीच येत राहिली. मग एके दिवशी माझे पतीही उठून तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि हळूहळू आणखी दोघं.

त्या पहिल्या रविवारी प्रवचन कशावर होतं ते मला सांगता येणार नाही. मी शेवटच्या बाकावर बसले, पुढच्या बाकाच्या पाठीवर डोकं टेकलं आणि प्रार्थना सुरू होताच मला गाढ झोप लागली. उपासना संपली, माणसं निघून गेली, तरी मला कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा ती आजी बाकाच्या टोकाला बसली होती, माझं मूल तिच्या मांडीवर झोपलेलं होतं, आणि शेजारी माझ्यासाठी झाकून ठेवलेला पाण्याचा पेला होता.